राष्ट्रीय महिला बुद्धिबळ स्पर्धेतला डाव कसा वाचायचा

पेपरात निकाल एका ओळीत येतो: अमुक हिने तमुक हिच्यावर ६३ चालींत मात केली. त्यातली 'मात' बहुतेक वेळा झालेलीच नसते. राष्ट्रीय पातळीवर प्रत्यक्ष मात होईपर्यंत सहसा कुणी बसत नाही. हार दिसली की खेळाडू घड्याळ थांबवते आणि हात पुढे करते. आणि ६३ हा आकडा एकटा फारसं काही सांगत नाही. चाळिसाव्या चालीला कुणाच्या घड्याळात किती मिनिटं उरली होती हे कळलं, तर मात्र निम्मा डाव समजतो. म्हणून इथे चाली आणि घड्याळ बरोबरीनं पाहू.

समजावण्यासाठी एक नमुना डाव घेतला आहे. तो कुणा एकीचा नाही. अशा स्पर्धांत वारंवार येणारे टप्पे जोडून तो केला आहे. २३५० रेटिंगची खेळाडू पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळते, २१५० ची काळ्या (रेटिंग म्हणजे निकालांवरून ठरणारा खेळाच्या ताकदीचा आकडा). सोयीसाठी त्यांना 'पांढरी' आणि 'काळी' म्हणू.

पटावर बसण्याआधी

अलीकडे ही स्पर्धा स्विस पद्धतीनं, ११ फेऱ्यांची होते. त्याआधी काही वर्षं निवडक बारा जणींची प्रीमियर स्पर्धा व्हायची, त्यात प्रत्येकीचा प्रत्येकीशी डाव. स्विसमध्ये हरलं म्हणून कुणी बाहेर जात नाही. रेटिंगनुसार यादी लावतात, ती मधोमध कापतात आणि वरच्या अर्ध्या भागातल्या पहिलीचा डाव खालच्या अर्ध्या भागातल्या पहिलीशी लावतात. शंभर जणी असतील तर पहिल्या फेरीत १ विरुद्ध ५१, २ विरुद्ध ५२. पुढच्या फेऱ्यांत हीच कापाकापी समान गुणांच्या गटात होते. एकदा खेळलेली जोडी पुन्हा लागत नाही, आणि सलग तीन डाव एकाच रंगानं सहसा येत नाहीत. ११ फेऱ्यांत कुणाला सहा वेळा पांढरा तर कुणाला पाच वेळा. शेवटच्या फेरीत कुठला रंग वाट्याला येतो याची गणितं अर्धी स्पर्धा झाल्यावरच सुरू होतात.

पेअरिंग (कोण कुणाशी खेळणार याची यादी) लागलं की जुन्या डावांचा डेटाबेस उघडतो. प्रतिस्पर्धी कुठली ओपनिंग (डावाची सुरुवात) खेळते, कुठल्या प्रकारात अडखळते, हे तिच्या जुन्या डावांवरून काढायचं. इथे एक चूक हमखास होते: रात्री दोन वाजेपर्यंत पंचवीस चालींची तयारी करायची आणि समोरचीनं चौथ्याच चालीला वेगळी वाट धरायची. तयारी आठवण्यात दहा मिनिटं जातात, ती पुढे भरून निघत नाहीत.

आता दोघींच्या रेटिंगमधला फरक बघा. २०० गुणांच्या फरकाला तक्त्यात वरच्या खेळाडूचे अपेक्षित गुण ०.७६ धरतात. रेटिंगमधला बदल म्हणजे मिळालेल्या गुणांतून अपेक्षित गुण वजा करून २० नं गुणायचं (२४०० चा टप्पा ओलांडलेल्यांसाठी १०, नवख्यांसाठी ४०). म्हणजे पांढरी जिंकली तर तिला ४.८ मिळतात, बरोबरी झाली तर ५.२ जातात, हरली तर १५.२. बरोबरीत तिचे जातात तेवढेच काळीला मिळतात. त्यामुळे बरोबरीचा प्रस्ताव काळीला गोड लागतो आणि पांढरीला कडू.

नव्वद मिनिटं आणि तीस सेकंद

राष्ट्रीय स्पर्धांत सर्रास दिसणारी वेळ म्हणजे प्रत्येकीला ९० मिनिटं आणि पहिल्या चालीपासून दर चालीला ३० सेकंद वाढीव. ६० चालींचा डाव धरला तर तीस मिनिटं वाढीव मिळतात, म्हणजे एकीला दोन तास आणि दोघींचे मिळून चार. काही स्पर्धांत चाळिसाव्या चालीनंतर आणखी अर्धा तास मिळतो. तो मिळत नसेल तर चाळिसाव्या चालीच्या आसपास अनेकींच्या घड्याळात दोन मिनिटंही नसतात. त्यानंतर उरलेला डाव त्या ३० सेकंदांच्या मिळकतीवर चालतो.

त्या ३० सेकंदांतूनच चाल लिहायचीही असते. दर चालीला ३० सेकंद मिळत असतील तर शेवटपर्यंत लिहिणं बंधनकारक आहे, घड्याळात पाच सेकंद उरले तरी. आधी कागदावर लिहून मग खेळणं चालत नाही (एक अपवाद आहे, तो पुढे येईल). चाल ज्या हातानं केली त्याच हातानं घड्याळ दाबायचं. मोहऱ्याला हेतुपुरस्सर हात लागला की ते हलवावंच लागतं. मोहरं घरात नुसतं नीट ठेवायचं असेल तर आधी 'आय अ‍ॅडजस्ट' म्हणायचं. कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) करताना आधी राजा उचलायचा, तेही एका हातानं. हत्तीला आधी हात लावला तर त्या चालीला त्या बाजूचं कॅसलिंग गेलं आणि हत्ती हलवावा लागला. शाळेच्या स्पर्धेत चालून जाणारी ही सवय इथे महागात पडते.

पहिल्या बारा चाली

आपला डाव वजिराच्या गॅम्बिटच्या (क्वीन्स गॅम्बिट या सुरुवातीच्या) एक्स्चेंज प्रकारातला आहे. चाली वाचताना एवढं लक्षात ठेवा: उभ्या पट्ट्यांना पांढरीच्या डावीकडून ए ते एच अशी अक्षरं, आडव्यांना तिच्या बाजूनं १ ते ८ असे आकडे. नुसतं घराचं नाव असेल तर ती प्याद्याची चाल, आणि 'घोडा बीडी७' म्हणजे बी पट्टीवरचा घोडा डी७ ला. १. डी४ डी५ २. सी४ ई६ ३. घोडा सी३ घोडा एफ६ ४. सी प्याद्यानं डी५ मारलं, काळीनं ई प्याद्यानं परत मारलं ५. उंट जी५ उंट ई७ ६. ई३ सी६ ७. उंट डी३ घोडा बीडी७ ८. वजीर सी२ कॅसलिंग ९. घोडा एफ३ हत्ती ई८ १०. कॅसलिंग घोडा एफ८. हे दोघींना पाठ असतं, त्यामुळे दोघी मिळून दहा-पंधरा मिनिटांत इथवर येतात.

वाटेत एक जुना खड्डा आहे. पाचव्या चालीला काळीनं उंट ई७ ऐवजी घोडा बी८ वरून डी७ ला आणला, तर पांढरीला वाटतं की एफ६ वरचा घोडा वजिराला बांधलेला आहे (तो हलला तर मागचा वजीर मारला जाईल), म्हणजे डी५ चं प्यादं फुकटात मिळेल. पांढरीनं ६. घोड्यानं डी५ मारलं की काळी एफ६ च्या घोड्यानं तो घोडा मारते आणि खुशाल वजीर देते! ७. उंटानं डी८ चा वजीर मारला, उंट बी४ शह! पांढरीला मध्ये वजीर घालण्यावाचून इलाज नाही. ८. वजीर डी२, उंटानं वजीर मारून शह, ९. राजानं तो उंट मारला, काळीच्या राजानं डी८ चा उंट मारला. हिशेब केला तर काळीकडे एक मोहरं जास्त. याला 'एलिफंट ट्रॅप' म्हणतात. आपल्याकडे हत्ती म्हणजे रूक, म्हणून नाव ऐकून कुणी हत्ती शोधत बसू नये. या सापळ्यात हत्ती जागचा हलतही नाही. राष्ट्रीय पातळीवर यात कुणी सहसा पडत नाही, पण काळीनं पाचव्या चालीला घोडा डी७ ला नेला की पांढरीच्या मनात हे लगेच यायला हवं.

डाव खरा सुरू होतो तो इथे

आता प्यादी मोजा. वजिराच्या बाजूला (ए, बी, सी पट्ट्यांवर) पांढरीकडे ए आणि बी अशी दोन, काळीकडे ए, बी आणि सी अशी तीन. पांढरीची योजना ऐकायला उलटी वाटते: आपली दोन घेऊन त्यांच्या तिघांवर चाल करून जायचं. याला अल्पसंख्य प्याद्यांचा हल्ला म्हणतात. ११. हत्ती एबी१, काळीचं ए५, १२. ए३, मग बी४, ए आणि बी पट्ट्यांवर मारामारी, आणि शेवटी बी५.

बी५ पडलं की काळीसमोर तीन वाटा उरतात, आणि तिन्हींत काही ना काही ठेच आहे. सी प्याद्यानं बी५ मारलं, तर बी७ आणि डी५ ही प्यादी एकेकटी पडतात. काहीच केलं नाही, तर पांढरी सी६ वर मारते, काळी बी प्याद्यानं परत मारते आणि सी६ चं प्यादं अर्ध्या उघड्या (पांढरीचं प्यादं नसलेल्या) सी पट्टीवर उघडं पडतं. त्याला प्याद्याचा आधार देता येत नाही. प्यादं सी५ ला ढकललं, तर डी प्याद्यानं ते मारल्यावर डी५ एकटं राहतं. म्हणजे काळीला निवडता येतं ते एवढंच, की कुठलं प्यादं अशक्त होणार. हेच प्यादं पुढे तासभर राखत बसावं लागतं, कारण प्यादं मागे जात नाही आणि मोहरी त्याच्या पहाऱ्याला अडकतात.

मग काळी करते काय? दुसऱ्या बाजूला उत्तर शोधते: घोडा ई४ ला रोवायचा, एफ८ चा घोडा जी६ ला आणायचा, पांढऱ्या राजावर चढाई करायची. किंवा वेळीच बी५ खेळून पांढरीचं बी प्यादं अडवायचं आणि घोडा बी६ वरून सी४ ला बसवायचा. सी४ चा घोडा सी पट्टी बुजवतो, त्यामुळे सी६ चं दुखणं झाकलं जातं. पण घोडा दोन-तीन चालींत तिथे पोचणार असेल तरच बी५ खेळावं. नाही पोचला तर सी६ कायमचं उघडं, आणि आता बी प्यादंही पुढे गेलेलं.

तेरा ते अठ्ठावीस या चालींत घड्याळ सर्वात जास्त खर्च होतं. तीन-चार निर्णायक चालींना दहा-पंधरा मिनिटं देणं रास्त आहे. चूक होते ती साध्या चालींना पाच-पाच मिनिटं देण्यात. हत्ती सी१ ला आणायचा की बी१ ला ठेवायचा, या फार फरक न पडणाऱ्या प्रश्नावर सात मिनिटं घालवणारी खेळाडू पुढे बत्तिसाव्या चालीला खरा प्रश्न आला की चाळीस सेकंदांत उत्तर देते. काळ्या बाजूनं हा धोका जास्त, कारण बचाव करणारीला दर चालीला तीन-चार धमक्या तपासाव्या लागतात.

थेट प्रक्षेपण बघणाऱ्यांच्या पडद्यावर या वेळी इंजिनचा (डाव तपासणाऱ्या संगणक प्रोग्रामचा) आकडा असतो, समजा +०.७. याचा अर्थ पांढरी जिंकतेय असा नाही. इंजिनच्या मते तिला पाऊण प्याद्याएवढा फायदा आहे, एवढंच. आणि हा आकडा खेळाडूच्या घड्याळात किती वेळ उरला आहे हे बघत नाही. फसवणूक टाळण्यासाठी अनेक ठिकाणी प्रक्षेपण काही मिनिटं उशिरा दाखवतात. मोबाइलचं तर सांगायलाच नको. परवानगीशिवाय तो स्पर्धेच्या जागी खेळाडूच्या अंगावर सापडला की डाव गेला, मग तो बंद का असेना.

ज्या घरांतून ही स्पर्धा उभी राहिली

मराठी वाचकाला ही स्पर्धा परकी नाही. पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा १९७४ साली बंगळूरला झाली आणि ती वासंती खाडिलकर यांनी जिंकली. पुढे त्यांच्या बहिणी जयश्री आणि रोहिणी यांनी विजेतेपद घरातच ठेवलं. रोहिणी १९७६ साली तेराव्या वर्षी विजेत्या झाल्या आणि एकूण पाच वेळा जिंकल्या. त्यानंतर भाग्यश्री साठे-ठिपसे आणि अनुपमा अभ्यंकर-गोखले यांनीही प्रत्येकी पाच विजेतेपदं मिळवली. चेन्नईच्या एस. विजयालक्ष्मी यांची सहा. ओडिशाच्या पद्मिनी राऊत २०१४ ते २०१७ अशा सलग चार वर्षं जिंकल्या, त्यांच्यानंतर गोव्याच्या भक्ती कुलकर्णी. नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी २०२२ मध्ये भुवनेश्वरला ही स्पर्धा जिंकली. २०२५ मध्ये बाटुमीला कोनेरू हंपी यांना टायब्रेकच्या जलद डावांत हरवून त्यांनी महिला विश्वचषक घेतला आणि त्याबरोबर थेट ग्रँडमास्टर झाल्या.

एक प्यादं जास्त, तरी बरोबरी

आपल्या डावाकडे परत येऊ. सी६ पडलं, काही अदलाबदल झाली. साठाव्या चालीच्या सुमारास पांढरीकडे राजा, हत्ती आणि डी प्यादं आहे, काळीकडे राजा आणि हत्ती. पांढरी: राजा ई५, हत्ती ए७, प्यादं डी५. काळी: राजा डी८, हत्ती एच६. दोघींच्या घड्याळात एकेक मिनिट. चाल पांढरीची. प्रेक्षकाला वाटतं, प्यादं जास्त म्हणजे जिंकलीच. इंजिन ०.०० दाखवतं.

का, ते त्या एच६ च्या हत्तीत आहे. तो सहावी आडवी पट्टी अडवून बसलाय, त्यामुळे पांढरा राजा डी६ किंवा ई६ ला जाऊ शकत नाही. काळीनं काय करायचं? काहीच नाही. हत्ती त्याच पट्टीवर इकडून तिकडे हलवत राहायचं. पांढरीला पुढे जायचं तर शेवटी प्यादं डी६ ला ढकलावंच लागतं. ज्या क्षणी प्यादं डी६ ला गेलं, त्या क्षणी काळीचा हत्ती सहावी पट्टी सोडून थेट एच१ ला, तळाशी. पांढरा राजा ई६ ला आला (ए८ वर मातेची धमकी घेऊन) की मागून ई१ शह. राजा डी५ ला गेला की डी१ शह. सी६ ला गेला की सी१ शह. राजाला आडोसा हवा होता तो डी६ या घराचा, आणि तिथे आता त्याचंच प्यादं बसलंय. लपायला जागा नाही, शह संपत नाहीत. ही बचावाची रीत अठराव्या शतकातल्या फ्रेंच खेळाडू फिलिडोर यांच्या नावानं ओळखली जाते.

आता चुका. पहिली: प्यादं अजून डी५ लाच असताना घाईनं हत्ती डी१ ला नेणं. मग राजा सरळ डी६ ला येऊन बसतो. मागून शह देता येत नाही, कारण मध्ये डी५ चं प्यादं आहे, आणि ए८ वर मात उभी. तरीही डाव वाचू शकतो: काळा राजा सी८ ला, म्हणजे पटाच्या आखूड बाजूला (प्याद्याच्या ज्या बाजूला कमी पट्ट्या उरतात तिकडे) पळवायचा आणि हत्तीनं लांबच्या बाजूनं, एच पट्टीवरून शह द्यायचे. पण ते अचूक शोधायला हवं, आणि हातात तीस सेकंद. राजा घाबरून ई८ ला, लांब बाजूला नेला तर त्याच लांब बाजूवर तो हत्तीला आडवा येतो. दुसरी चूक: हत्ती आठव्या पट्टीवर राजाशेजारी दबून ठेवणं. ए किंवा बी, जी किंवा एच प्याद्यासमोर हे चालून जातं. मधल्या प्याद्यांसमोर नाही.

पंचाला कधी बोलवायचं

अशा डावात बरोबरी मिळवणं हे वेगळं काम आहे, आणि इथे जिंकलेले किंवा वाचलेले अर्धे गुण नियम माहीत नसल्यानं जातात. तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल (तीच मोहरी त्याच घरांत, चाल त्याच खेळाडूची, कॅसलिंगसारखे हक्कही तेच), तर आपली चाल खेळायची नाही. ती कागदावर लिहायची, घड्याळ थांबवायचं आणि पंचाला सांगायचं. चाल आधी लिहायला परवानगी आहे तो अपवाद हाच. आधी हात मोहऱ्याला लागला तर त्या चालीपुरता दावा गेला. सलग ५० चालींत प्यादं हललं नसेल आणि काही मारलं गेलं नसेल, तर तोही दावा असाच करायचा. दावा चुकीचा निघाला तर समोरचीला दोन मिनिटं जास्त मिळतात आणि लिहिलेली चाल खेळावी लागते. स्थिती पाचव्यांदा आली किंवा ७५ चाली झाल्या तर कुणी दावा न करताही डाव बरोबरीत सुटतो. त्या ७५ चालींतल्या शेवटच्या चालीनं मात झाली असेल तर मात्र मातच धरतात.

बेकायदा चाल हा घाईतला दुसरा खड्डा. राजा शहात असताना भलतंच मोहरं हलवून घड्याळ दाबलं, तर पहिल्या वेळी समोरचीला दोन मिनिटं, दुसऱ्या वेळी डाव गेला. बढतीतही (प्यादं शेवटच्या घरात पोचून वजीर वगैरे होताना) हे होतं. प्यादं आठव्या घरात ठेवून नुसतं घड्याळ दाबलं तर ती बेकायदा चाल, आणि जवळ वजीर नाही म्हणून हत्ती उलटा ठेवला तर तो हत्तीच धरतात, तोंडानं 'वजीर' म्हटलं तरी. जवळ वजीर नसेल तर घड्याळ थांबवून पंचाकडे मागायचा. तो हक्क आहे, त्यात लाजायचं काही नाही.

बरोबरीचा प्रस्ताव द्यायचीही रीत आहे: आधी चाल खेळायची, मग विचारायचं, मग घड्याळ दाबायचं. कागदावर त्या चालीपुढे दोघींनी (=) अशी खूण करायची. समोरची विचार करत असताना पुन्हा पुन्हा विचारलं तर ते त्रास देणं ठरतं.

शेवटच्या फेरीत या प्रस्तावाला वेगळंच वजन येतं. समजा दहा फेऱ्यांनंतर आघाडीवरची ८.५ वर आणि पाठलाग करणाऱ्या ७.५ वर. बरोबरी झाली की ती ९ वर पोचते आणि तिला कुणी गाठू शकत नाही. मग पंधराव्या चालीला हात मिळवले तर प्रेक्षक नाक मुरडतात, पण त्या जागी बसलेल्या कुणीही तेच केलं असतं. गुण सारखे झाले तर टायब्रेक, म्हणजे क्रमांक ठरवायचे जादा निकष. त्यात नेहमीचा एक म्हणजे बुखोल्झ: तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्यांच्या गुणांची बेरीज, बहुधा सर्वात कमी गुणांची एक जण वगळून. म्हणून पहिल्या फेरीत हरवलेली मुलगी पुढे किती जिंकते याकडेही डोळा ठेवावा लागतो. तिचा निकाल तुमच्या हातात नसतो आणि तुमचा क्रमांक कधीकधी तिच्या हातात असतो.

डाव संपला की दोघी कागदावर निकाल लिहून सह्या करतात. इलेक्ट्रॉनिक पट असेल तर दोन्ही राजे मधल्या घरांत ठेवतात: ई४ आणि डी५, म्हणजे पांढऱ्या घरांवर, तर पांढरी जिंकली, डी४ आणि ई५, काळ्या घरांवर, तर काळी. आपल्या डावात पांढरीनं प्यादं डी६ ला ढकललं, काळीनं हत्ती एच१ ला नेला, आणि वीसेक चालींनंतर एक राजा ई४ वर ठेवला गेला, दुसरा ई५ वर. अर्धा-अर्धा गुण.